निवड, परंपरा, निर्मिती : शार्लोत पेरियाँ यांचे टोकियो

शार्लोत पेरियाँ या फ्रेंच डिझायनर ऑगस्ट १९४० मध्ये जपानी सरकारच्या निमंत्रणावरून टोकियोला पोहोचल्या. तेव्हा त्यांचे वय ३६ होते. जपानच्या वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाने त्यांना औद्योगिक कलांच्या सल्लागार म्हणून नेमले होते. जपानी कारागिरांनी युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठी कोणत्या वस्तू घडवाव्यात, त्या कशा दिसाव्यात आणि कशा वापरल्या जाव्यात हे त्यांनी सांगावे, अशी अपेक्षा होती. सात महिन्यांनी, मार्च १९४१ मध्ये, टोकियोतील ताकाशिमाया या मोठ्या दुकानात त्यांनी एक प्रदर्शन मांडले. त्याचे नाव ‘निवड, परंपरा, निर्मिती’ असे होते. निर्यात वाढवण्याचा हेतू युद्धामुळे फसला, पण विसाव्या शतकातील घरगुती वस्तूंच्या रचनेवर या प्रवासाचा परिणाम खोलवर झाला. शिकवण्यासाठी बोलावलेल्या व्यक्तीने आधी पाहण्याला वेळ दिला आणि हाताची जुनी रीत न मोडता तिच्याकडून नवी वस्तू मागितली, हे या प्रवासाचे खरे महत्त्व आहे.

पेरियाँ यांचा जन्म १९०३ मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील शिंपी होते, आई उंची पोशाखांच्या शिवणकामात होती. कापडाचा पोत, शिवणीची सफाई आणि मापाचा नेमकेपणा या गोष्टी घरातच होत्या. १९२० ते १९२५ या काळात त्यांनी पॅरिसमधील सजावटी कलांच्या शाळेत शिक्षण घेतले. त्या शाळेत लाकडी, कोरीव, श्रीमंत घरांना शोभेल अशा फर्निचरची परंपरा होती. पेरियाँ यांना मात्र मोटारींचे दिवे, सायकलींच्या नळ्या आणि दुकानांच्या काचा खुणावत होत्या. १९२७ च्या शरद प्रदर्शनात त्यांनी आपल्या पोटमाळ्यावरच्या खोलीतील बारची रचना मांडली. तिच्यात निकेलचा मुलामा दिलेले तांबे आणि ॲल्युमिनियम वापरले होते. चकचकीत धातूची ही रचना पॅरिसमध्ये गाजली.

त्याच वर्षी त्या वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात काम मागायला गेल्या. पहिल्या भेटीत त्यांना उडवून लावण्यात आले. तेथे उशांवर भरतकाम होत नाही, असे ऐकवण्यात आल्याचे पेरियाँ यांनी पुढे सांगितले आहे. प्रदर्शनातील बार पाहिल्यावर ल कॉर्ब्युझिए यांचे मत बदलले आणि त्या कार्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांनी दहा वर्षे काम केले. पोलादी नळ्यांची, शरीराच्या वळणाप्रमाणे वाकलेली आरामखुर्ची, चौकोनी गाद्यांची ऐसपैस खुर्ची आणि मागे झुलणाऱ्या पाठीची खुर्ची ही १९२८ च्या सुमाराची कामे ल कॉर्ब्युझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जाँनरे आणि पेरियाँ या तिघांची आहेत. पुढे कित्येक दशके या वस्तू एकट्या ल कॉर्ब्युझिए यांच्या नावावर ओळखल्या गेल्या. फर्निचरच्या कामाची प्रत्यक्ष जबाबदारी ज्या स्त्रीकडे होती तिचे नाव इतकी वर्षे मागे राहिले, हा अन्यायच होता. आता संग्रहालयांतील पाट्यांवर तिन्ही नावे असतात.

१९३० नंतर पेरियाँ यांचे मन पोलादातून हळूहळू लाकडाकडे वळले. त्यांना डोंगरांची ओढ होती. सव्हॉय भागातील शेतकऱ्यांची तीन पायांची स्टुले, जाड फळ्यांची टेबले आणि लाकडी भांडी त्या बारकाईने पाहत. चित्रकार फेर्नां लेजे यांच्याबरोबर फिरताना किनाऱ्यावरचे गोटे, हाडे, झिजलेले ओंडके अशा वस्तू त्या उचलून आणत आणि त्यांची छायाचित्रे काढत. याच काळात त्या डाव्या विचारांच्या कलावंतांच्या संघटनेत सक्रिय होत्या. कामगाराचे घर छोटे असले तरी नेटके असावे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. १९३७ मध्ये त्यांनी ल कॉर्ब्युझिए यांचे कार्यालय सोडले. टोकियोला जी व्यक्ती पोहोचली ती अशी दुहेरी तयारीची होती: यंत्राची शिस्त तिला ठाऊक होती आणि खेड्यातल्या वस्तूंवर तिचा जीव होता.

टोकियोचे निमंत्रण येण्यामागे त्याच कार्यालयातील ओळख होती. जपानी वास्तुकार कुनिओ माएकावा १९२८ ते १९३० या काळात आणि जुन्झो साकाकुरा १९३१ पासून काही वर्षे ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम करत होते. साकाकुरा यांनी १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातील जपानी मंडप उभारला आणि त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मंत्रालयाने सल्लागार शोधायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी पेरियाँ यांचे नाव सुचवले. फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांची तार पॅरिसला आली.

परदेशी सल्लागार बोलावण्याची ही जपानची पहिली वेळ नव्हती. मंत्रालयाने १९२८ मध्ये सेंदाई येथे औद्योगिक कलांची संशोधन संस्था काढली होती. लाकूड, बांबू, लाखकाम, धातू यांतील पारंपरिक कसब वापरून परदेशात खपतील अशा वस्तू तयार करणे हे तिचे काम. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेले वास्तुकार ब्रूनो टाउट १९३३ मध्ये जपानला आले आणि काही महिने याच संस्थेत सल्लागार होते. क्योतोजवळच्या कात्सुरा राजवाड्याची त्यांनी तोंड भरून स्तुती केली. पाश्चात्त्यांना आवडेल म्हणून बनवलेल्या भडक, नक्षीदार वस्तूंवर त्यांनी कडक टीकाही केली. निर्यातीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. जपानी कारागीर परदेशी मासिके पाहून खुर्च्या-टेबले बनवत, त्यांवर चेरीची फुले किंवा फुजी पर्वत रंगवत आणि ती वस्तू ना इकडची होई ना तिकडची. चीनशी १९३७ पासून सुरू असलेल्या युद्धामुळे परकीय चलनाची गरज वाढली होती, आणि पेरियाँ यांना त्याच गरजेतून बोलावणे गेले.

त्या मार्सेय बंदरातून ‘हाकुसान मारू’ या जपानी जहाजाने १५ जून १९४० रोजी निघाल्या. आदल्याच दिवशी जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले होते. मागे काय उरेल हे ठाऊक नसताना, एका दूरच्या देशाच्या सरकारी कामाचा करार बरोबर घेऊन त्या निघाल्या होत्या. साकाकुरा यांच्यामुळे जपानी लेखक ओकाकुरा काकुझो यांचे १९०६ चे ‘द बुक ऑफ टी’ हे पुस्तक त्यांनी वाचलेले होते. चहाच्या विधीच्या निमित्ताने रिकाम्या जागेचे, साधेपणाचे आणि अपूर्णतेचे सौंदर्य सांगणारे हे पुस्तक त्यांच्या कायम उपयोगी पडले. ओकाकुरा भारतीय वाचकालाही परके नाहीत. १९०१-०२ मध्ये ते भारतात होते, विवेकानंदांना भेटले होते आणि कोलकात्यात ठाकूर घराण्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. जहाजाच्या डेकवर खलाशांनी खडूने काढलेली एक आकृती पेरियाँ यांना आवडली. पुढे टोकियोच्या प्रदर्शनात तीच आकृती मोठी होऊन गालिच्यावर आली. कामाची सुरुवात अशी समुद्रावरच झाली होती.

जहाज २१ ऑगस्टला कोबे बंदराला लागले आणि तेथून त्या टोकियोला गेल्या. त्या वेळचे टोकियो हे दोन काळांत विभागलेले शहर होते. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने जुने शहर मोठ्या प्रमाणात नष्ट झाले होते. त्याच्या जागी रुंद रस्ते, काँक्रीटच्या इमारती, भुयारी रेल्वे आणि मोठमोठी दुकाने आली होती. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांचे इंपीरियल हॉटेल भूकंपातून वाचले होते. पण मुख्य रस्ता सोडून गल्लीत शिरले की लाकडी घरे, कागदी सरकती दारे आणि दारात काढून ठेवलेल्या लाकडी वहाणा दिसत. या सगळ्यावर युद्धाची सावली होती. चैनीच्या वस्तूंचे उत्पादन आणि विक्री यांवर जुलै १९४० मध्ये कायद्याने बंदी आली होती. चैन हाच शत्रू, असे फलक रस्त्यांवर लागले होते. पोलाद लष्कराकडे जात होते. २७ सप्टेंबरला जपानने जर्मनी आणि इटलीशी करार केला. ज्या जर्मनीने पेरियाँ यांचे शहर जिंकले होते, तिच्याच मित्रदेशाच्या मंत्रालयात त्या आता सल्लागार होत्या.

ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. फॅसिझमविरोधी संघटनेत वावरलेल्या एका कलावंताने लष्करशाहीच्या सेवेत काम करणे सोपे नव्हते. परतीचा मार्गही सहज उपलब्ध नव्हता. पेरियाँ यांच्या कामात लष्करी प्रचाराची छटा आढळत नाही, एवढे मात्र त्यांच्या बाजूने सांगता येते. त्यांनी आपले काम घर, झोप, जेवण आणि बसणे यांपुरते ठेवले.

दुभाषा आणि मदतनीस म्हणून त्यांच्याबरोबर सोरी यानागी हा २५ वर्षांचा तरुण देण्यात आला. त्याचे वडील सोएत्सू यानागी हे लोककलेच्या ‘मिंगेई’ चळवळीचे प्रणेते. अनामिक कारागिराने रोजच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूत खरे सौंदर्य असते, असे ते मानत. टोकियोच्या कोमाबा भागात त्यांनी १९३६ मध्ये जपानी लोककला संग्रहालय उघडले होते. भात शिजवण्याची भांडी, गोणपाटासारखे जाड कापड, गवताच्या चपला अशा वस्तू तेथे दिव्याखाली नव्हे, नैसर्गिक उजेडात मांडलेल्या असत. पेरियाँ यांची जपानी वस्तूंशी ओळख मुख्यतः या वर्तुळातून झाली. क्योतोमध्ये त्या कुंभार कानजिरो कावाई यांना भेटल्या. कावाई यांचे घर हीच एक पूर्ण विचाराने केलेली रचना होती: जड लाकडी खांब, खालच्या बैठका, स्वतःच्या भट्टीतील भांडी. ते बांबूच्या फर्निचरचेही प्रयोग करत होते.

सरकारी सल्लागार आल्याबरोबर आराखडे काढायला बसतो, ही नेहमीची पद्धत. पेरियाँ यांचे सुरुवातीचे महिने पाहण्यात गेले. संस्था, शाळा, कार्यशाळा, गावे आणि देवळे त्यांनी पाहिली. कुठे कोणते लाकूड मिळते, कारागीर हत्यार कसे धरतो, कामाला किती वेळ लागतो, हे त्या विचारत आणि टिपून घेत. या सवयीचे मोल फार मोठे आहे. ज्याला कारागिराचा हात समजलेला नाही त्याचा आराखडा कारागिराला ओझे होतो, आणि अशा ओझ्याखाली चांगली कसबे नष्ट झाल्याची उदाहरणे जगभर आहेत.

जपानी घराने त्यांना विशेष थक्क केले. पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांचे कार्यालय ज्या तत्त्वांसाठी भांडत होते, ती येथे शतकानुशतके वापरात होती. घराचे माप ‘तातामी’ या चटईवर ठरते. ती साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब असते. क्योतोकडची थोडी मोठी, टोकियोकडची थोडी लहान. खोली किती चटयांची एवढे सांगितले की तिचा आकार कळतो, आणि सुतार, चटई विणणारा व दारे करणारा हे तिघे एकमेकांना न भेटता कामे करू शकतात. भिंती सरकतात. दिवसा बैठकीची असलेली खोली रात्री अंथरूण घातले की झोपायची होते. अंथरुणे दिवसा भिंतीतल्या कपाटात जातात. वस्तू कमी आणि मोकळी जागा भरपूर. उद्योगाने जे प्रमाणीकरण करावे असे युरोपातील आधुनिक मंडळी म्हणत होती, ते येथे सुताराने आणि गवत विणणाऱ्याने केले होते. आधुनिकता म्हणजे पोलाद आणि काच, हे समीकरण पेरियाँ यांच्या मनात आधीच सैल झाले होते. टोकियो-क्योतोमध्ये ते पूर्ण सुटले.

क्योतोमधील शुगाकुइन आणि कात्सुरा या राजवाड्यांत भिंतीवर वरखाली, एका ओळीत न लावलेली फडताळे आहेत. शुगाकुइनमधील फळ्या धुक्याच्या पट्ट्यांसारख्या अलगद तरंगतात असे जपानी रसिक मानतात. एक फळी जेथे संपते तेथून जरा वर किंवा खाली दुसरी सुरू होते, आणि मधली रिकामी जागाही रचनेचा भाग बनते. या फळ्यांनी पुढे बारा वर्षांनी पॅरिसमध्ये वेगळे रूप घेतले.

ईशान्येकडील तोहोकू भागाचा प्रवास हा या दौऱ्याचा सर्वांत मोलाचा टप्पा म्हणावा लागेल. यामागाता प्रांतातील शिंजो येथे १९३३ मध्ये हिमप्रदेशातील शेतकऱ्यांच्या अर्थस्थितीचा अभ्यास करणारी एक सरकारी संस्था निघाली होती. तेथे वर्षातील कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. शेती बंद, हातात काम नाही, पैसा नाही. त्या काळात शेतकरी भाताच्या पेंढ्यापासून दोर, चपला, पिशव्या आणि ‘मिनो’ नावाची झूल तयार करत. ही झूल पाठीवरून घेतात आणि बर्फ-पाऊस त्यावरून घसरून जातो. कोकणातल्या इरल्याची आठवण व्हावी अशीच ती वस्तू. या कामात अचूकता थक्क करणारी असे. काडीला काडी दाबून, कडेला रंगीत धागा गुंफून झूल विणण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती.

पेरियाँ यांनी शेतकऱ्यांना नवी कारागिरी शिकवली नाही. मिनो विणण्याची जी रीत हातात होती तीच कायम ठेवून त्यांनी आरामखुर्चीसाठी लांब गादीचे आवरण विणायला सांगितले. रीत तीच, पेंढा तोच, फक्त वापर बदलला. पॅरिसच्या दिवाणखान्यात चालेल अशी वस्तू हिमप्रदेशातील शेतकऱ्याच्या हिवाळी हातांतून निघाली आणि त्यावर चेरीचे फूल किंवा फुजी पर्वत काढण्याची गरज पडली नाही. निर्यातीच्या प्रश्नाला मिळालेले हे सर्वांत स्वच्छ उत्तर होते. टाउट यांनी काय करू नये हे नेमके सांगितले होते. काय करावे याचा एक जिवंत नमुना या आवरणाने दिला.

बांबूचे काम याहून प्रसिद्ध झाले. १९२८ ची पोलादी आरामखुर्ची टोकियोत करणे शक्य नव्हते, कारण पोलाद नव्हते. मग तिचे वळण बांबूत आणायचे ठरले. पोलादी नळी आकार धरून ठेवते. बांबूचा स्वभाव वेगळा आहे. त्याचे तंतू लांबीला सरळ जातात आणि बाहेरच्या सालीकडे ते अधिक दाट असतात. त्यामुळे बांबू उभा सहज फाटतो, पण त्याची कामटी वाकवली तर तुटण्याऐवजी उसळून परत येते. जपानात या लवचीकतेचा वापर फर्निचरसाठी सुरू झालेला होता. उबुन्जी किदोकोरो यांनी १९३७ मध्ये बांबूच्या पट्ट्यांची मागचे पाय नसलेली खुर्ची केली होती. पेरियाँ यांनी रुंद, पातळ पट्ट्या शेजारी शेजारी लावून वळणदार पृष्ठभाग तयार केला. बसणाऱ्याच्या वजनाने प्रत्येक पट्टी थोडी वेगळी दबते आणि अंगाला जुळवून घेते. पोलादी खुर्चीत आकार डिझायनरने ठरवलेला असतो आणि शरीराला त्यात बसावे लागते. बांबूच्या खुर्चीत शरीर आणि पट्टी यांची तडजोड होते. मूळच्यापेक्षा ही बांबूची खुर्ची अधिक मानवी आहे. टंचाईपोटी झालेला हा बदल होता हे खरे, पण टंचाई सगळ्यांवरच आली होती आणि तिच्यातून असे उत्तर फार थोड्यांनी काढले.

‘निवड, परंपरा, निर्मिती’ हे प्रदर्शन मार्च १९४१ मध्ये टोकियोच्या ताकाशिमायात आणि मे महिन्यात ओसाकाच्या ताकाशिमायात भरले. जपानी शहरांत अशी मोठी दुकाने केवळ विक्रीची ठिकाणे नव्हती; चित्रप्रदर्शने आणि कलाप्रदर्शने तेथेच भरत, आणि खरेदीला आलेले कुटुंब वरच्या मजल्यावर जाऊन ती पाहत असे. संग्रहालयात न येणारा माणूस येथे येई. प्रदर्शनासाठी दुकानाची निवड त्यामुळे योग्य होती. पेरियाँ यांनी वस्तू कपाटात ठेवल्या नाहीत. बसण्याची, जेवण्याची आणि झोपण्याची जागा उभी करून त्यात बांबूची आरामखुर्ची, लाकडी टेबले, पेंढ्याच्या गाद्या, कुंभारांची भांडी, विणकाम आणि खलाशांच्या आकृतीचा गालिचा मांडला. त्यांनी स्वतः रचलेल्या वस्तूंबरोबर जपानी कारागिरांच्या निवडलेल्या जुन्या-नव्या वस्तूही तेथे होत्या. पाश्चात्त्यांच्या आवडीचा चुकीचा अंदाज बांधून केलेले, टाळावेत असे नमुनेही दाखवले गेले. नावातील तीन शब्दांचा क्रम अर्थपूर्ण होता: आधी पुष्कळ पाहून निवडायचे, मग त्या निवडीमागची परंपरा समजून घ्यायची, आणि शेवटी नवे करायचे. बहुतेक सल्लागार तिसऱ्या शब्दापासून सुरुवात करतात.

स्वागत संमिश्र झाले. तरुण डिझायनरांवर प्रदर्शनाचा मोठा प्रभाव पडला. काही जपानी टीकाकारांना मात्र वाटले की या वस्तू हाताने बनवलेल्या, वेळखाऊ आणि महाग आहेत, मोठ्या उत्पादनाला सोयीच्या नाहीत. हा आक्षेप खोटा नव्हता. बांबूची पट्टी यंत्राला पोलादी नळीसारखी वश होत नाही. प्रत्येक पेराची जाडी वेगळी, रंग वेगळा. शिवाय युद्धकाळात साध्या जपानी कुटुंबाला आरामखुर्चीचा उपयोग काय, हा प्रश्नही रास्त होता. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरत होते. निर्यातीचा माल स्वस्त असणे एवढेच पुरत नाही. तो दुसऱ्या कोणाला करता येऊ नये असाही असावा लागतो. शिंजोचा पेंढा आणि तेथील हात यांची नक्कल पाश्चात्त्य कारखान्याला शक्य नव्हती.

प्रदर्शनातून काय शिकायचे यावर पेरियाँ यांनी साकाकुरा यांच्या साथीने एक पुस्तकही केले. पण निर्यातीची वाट तोवर बंद होत आली होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपान अमेरिका आणि ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला. ज्या बाजारासाठी वस्तू घडवायच्या तोच शत्रूचा झाला. १९४२ च्या अखेरीस पेरियाँ जपानहून फ्रेंच इंडोचायनात गेल्या. तेथे त्यांचा विवाह झाला, १९४४ मध्ये मुलगी झाली, आणि १९४६ मध्ये त्या फ्रान्सला परतल्या. मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यांत टोकियोचा मोठा भाग जळून गेला. त्यांनी पाहिलेल्या लाकडी गल्ल्या त्यात होत्या.

फ्रान्समध्ये परतल्यावर जपानचा परिणाम कामात दिसू लागला. पॅरिसच्या विद्यार्थी वसाहतीतील ट्युनिशिया आणि मेक्सिको भवनांसाठी त्यांनी १९५२ मध्ये पुस्तकांची फडताळे केली. ती डिझायनर जाँ प्रूवे यांच्या कारखान्यात घडली. लाकडी फळ्या आणि रंगीत धातूच्या पेट्या वरखाली, मध्ये मोकळी जागा सोडून लावलेल्या. पुढे हीच कल्पना ‘न्वाज’ म्हणजे ढग या नावाच्या फडताळांत परिपक्व झाली. शुगाकुइनमधील धुक्याच्या फळ्या अशा रीतीने पॅरिसच्या विद्यार्थ्याच्या खोलीत पोहोचल्या. येथे नक्कल नाही. जपानी फळी भिंतीचा भाग असते. पेरियाँ यांची फळी सुटी होते, खोली बदलली की तिची मांडणीही बदलता येते.

पती जाक मार्तँ एअर फ्रान्सच्या कामासाठी टोकियोला गेले तेव्हा, १९५३ नंतर, पेरियाँ यांचा या शहराशी पुन्हा संबंध आला. आता टोकियो राखेतून उभे राहत होते आणि उद्योग वेग घेत होता. एप्रिल १९५५ मध्ये ताकाशिमायातच त्यांनी ल कॉर्ब्युझिए आणि लेजे यांच्या कामांसह दुसरे मोठे प्रदर्शन मांडले. चित्र, भिंतीवरचे विणकाम आणि फर्निचर एकाच घरात एकत्र नांदावीत असा त्याचा विषय होता. त्यात ‘सावली’ या नावाची काळी खुर्ची होती. ती प्लायवूडच्या एकाच सलग तक्त्याला कापून आणि वाकवून केलेली आहे; सांधा नाही, खिळा नाही, आणि खुर्च्या एकावर एक रचता येतात. बुनराकू या बाहुलीनाट्यात बाहुल्या नाचवणारे कलाकार काळे कपडे घालून रंगमंचावर असूनही नसल्यासारखे वावरतात. खुर्चीच्या नावामागे त्यांची आठवण आहे. १९४१ मध्ये यंत्राला सोयीचे नाही असा आक्षेप ज्यांनी घेतला होता, त्यांना हे उत्तर होते. प्लायवूड वाकवणे कारखान्याचे काम आहे आणि काटकसर मात्र पूर्ण जपानी आहे.

सोरी यानागी यांच्या वाटचालीतही या प्रवासाचा माग दिसतो. तोहोकूच्या कार्यशाळांत पेरियाँ यांच्या बरोबर फिरलेल्या या तरुणाने १९५४ मध्ये फुलपाखरू स्टूल केले. प्लायवूडचे दोन सारखे वाकवलेले तुकडे मध्ये पितळी दांड्याने जोडलेले, एवढीच त्याची रचना. स्टूल ही पाश्चात्त्य वस्तू, वळण मात्र जपानी देवळाच्या कमानीची आठवण देणारे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी मशालीची मूठही यानागी यांनीच घडवली आणि १९७७ पासून वडिलांचे लोककला संग्रहालय सांभाळले. युद्धोत्तर जपानी डिझाइनची कीर्ती जगभर झाली तिच्यात त्यांचा वाटा मोठा आहे. एका परदेशी सल्लागाराच्या दौऱ्याचे यश मोजायचे तर तिच्या मदतनिसाने पुढे काय केले, ही कसोटी प्रदर्शनातील विक्रीपेक्षा अधिक खरी ठरते.

भारताशी या कथेचे काही धागे आहेत. पेरियाँ यांचे जुने सहकारी पिएर जाँनरे १९५१ ते १९६५ या काळात चंडीगढला राहिले आणि सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान व वेताच्या खुर्च्या त्यांनी स्थानिक सुतारांकडून करवून घेतल्या. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी १९५१ मध्ये त्याच पॅरिस कार्यालयात दाखल झाले. पेरियाँ तेव्हा तेथे नव्हत्या, पण कारागिराकडून शिकण्याची तीच वृत्ती दोशींनी अहमदाबादमध्ये दाखवली. अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याची चिकित्सा केली आणि रोजच्या वस्तूकडे नीट पाहायला सांगितले. त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. या अहवालाची चर्चा आपल्याकडे होते; त्याच्या सतरा वर्षे आधी टोकियोत झालेला प्रयोग मात्र फारसा वाचला जात नाही. बुरुडाच्या कामटीला नवे गिऱ्हाईक मिळवून देण्याचा प्रश्न महाराष्ट्रातही आहे, आणि शिंजोचे उदाहरण या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे आहे.

पेरियाँ यांचे जपानशी नाते शेवटपर्यंत टिकले. पॅरिसमधील जपानी राजदूतांच्या निवासस्थानाचे काम त्यांनी १९६० च्या दशकात साकाकुरा यांच्याबरोबर केले. फ्रान्समधील लेझार्क या डोंगरी पर्यटनस्थळासाठी १९६७ पासून त्यांनी केलेली छोटी, नेटकी घरे पाहिली की तातामीचे माप त्यांच्या हातात मुरले होते हे लक्षात येते. साकाकुरा यांनीच रचलेल्या कामाकुरा येथील आधुनिक कला संग्रहालयात २०११ मध्ये पेरियाँ आणि जपान या विषयावर मोठे प्रदर्शन झाले. बांबूच्या आरामखुर्चीची लाकडी आवृत्ती एका इटालियन कंपनीने ‘टोकियो’ याच नावाने पुन्हा बाजारात आणली. वयाच्या नव्वदीच्या सुमारास, १९९३ मध्ये, पेरियाँ यांनी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या आवारात चहाघर उभारले, आणि त्यात बांबूच होता. त्यांचे आत्मचरित्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २७ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले.